अँटिगनी, क्रेऑन आणि मेलेल्यांवरचा अधिकार

नाट्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "‘अँटिगनी’ म्हणजे मानवी कायदा विरुद्ध दैवी कायदा, असं आम्हाला वर्गात सांगतात. मग नाटककार नक्की कोणाच्या बाजूचा? क्रेऑन राज्यासाठीच तर कठोर होतो, त्याला खलनायक का ठरवायचं? आणि देव अँटिगनीच्या बाजूचे असतील तर ती मरते का?"

हे नाटक मी शिकवत आणि बसवत आलो आहे, आणि यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आधी थोडक्यात सांगतो. नाटककार सॉफोक्लीस अँटिगनीचं म्हणणं खरं ठरवतो आणि तरीही तिला मरू देतो, तेही आपण बरोबर होतो हे तिला कळायच्या आत. शोकांतिका इथे आहे. ‘मानवी कायदा विरुद्ध दैवी कायदा’ हे सूत्र परीक्षेपुरतं ठीक आहे, पण नाटक ओळीओळीने वाचायला लागलं की ते टिकत नाही. कारण क्रेऑनही देवांचं नाव घेतो आणि नगराची बाजू एकट्या क्रेऑनकडे नाही. भांडण कशावरून आहे तर एका प्रेतावरून. मेलेल्या माणसावर राज्यकर्त्याचा अधिकार चालतो का, हा नाटकाचा खरा प्रश्न आहे.

कथा आठवत असेलच, तरी दोन ओळीत सांगतो. ईडिपसचे दोन मुलगे थीब्ज या ग्रीक नगराच्या गादीसाठी लढले. इटिओक्लीस नगराच्या बाजूने, पॉलिनायकीस आर्गोसचं सैन्य घेऊन नगरावर चालून आलेला. दोघे एकमेकांच्या हातून मेले. सत्ता मामाकडे, क्रेऑनकडे आली. त्याने दवंडी पिटवली की इटिओक्लीसला सन्मानाने पुरा आणि पॉलिनायकीसचं प्रेत उघड्यावर कुत्र्या-पक्ष्यांसाठी टाकून द्या. त्याला मूठमाती देईल त्याला भर नगरात दगडांनी ठेचून मारलं जाईल. बहीण अँटिगनी ती मूठमाती देते.

नाटक इ.स.पू. 441 च्या सुमाराचं. सॉफोक्लीस हा कोपऱ्यात बसून लिहिणारा कवी नव्हता. इ.स.पू. 443-442 मध्ये तो अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या नगरांच्या आघाडीच्या खजिन्याच्या अधिकाऱ्यांपैकी एक होता आणि सामोस बेटाच्या युद्धात अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्याबरोबर सेनापती म्हणून निवडून आला होता. ‘अँटिगनी’ गाजलं म्हणून त्याला सेनापती केलं, अशी एक जुनी आख्यायिकाही आहे. हुकूम काढणं म्हणजे काय आणि तो पाळला गेला नाही तर काय होतं, हे त्याला आतून माहीत होतं. म्हणून क्रेऑनच्या तोंडची भाषणं पोकळ नाहीत.

आता क्रेऑनचा हुकूम घ्या. आपल्याला तो पहिल्याच वाक्यात राक्षसी वाटतो. अथेन्सच्या प्रेक्षकाला तसा वाटला असेलच असं नाही. फितुराला आणि देवळं लुटणाऱ्याला अ‍ॅटिकाच्या भूमीत, म्हणजे अथेन्सच्या मुलखात, पुरू द्यायचं नाही, असा कायदा खुद्द अथेन्समध्ये होता. थेमिस्टोक्लीससारखा सलामिसच्या आरमारी लढाईचा विजेता फितुरीच्या आरोपाखाली परागंदा होऊन परमुलखात मेला, तेव्हा त्याची हाडं नातेवाइकांनी गुपचूप आणून अ‍ॅटिकात पुरली असं म्हणत, हे इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवलं आहे. गुपचूप, कारण उघडपणे पुरायला बंदी होती. म्हणजे फितुराला आपल्या मातीत जागा नाही, इथपर्यंत क्रेऑन प्रेक्षकांच्या ओळखीचंच बोलतो. त्याचं पहिलं मोठं भाषणही चांगलं आहे. माणूस सत्तेवर बसून कायदे करायला लागेपर्यंत त्याचं मन ओळखता येत नाही. आपल्या देशापेक्षा मित्राला मोठं मानणारा माझ्या लेखी कोणीच नाही. हे नगर म्हणजे आपलं जहाज आहे, ते नीट चाललं तरच आपल्याला मित्र जोडता येतात. जवळजवळ शंभर वर्षांनी, इ.स.पू. 343 मध्ये, अथेन्सचा वक्ता डेमॉस्थिनीस याने भर न्यायालयात या ओळी वाचायला लावल्या त्या आदर्श म्हणून. त्याचा विरोधक ईस्किनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका केली होती. क्रेऑनच्या या ओळी तू इतक्यांदा बोललास आणि वागलास मात्र उलट, असा डेमॉस्थिनीसचा टोला होता. विसाव्या शतकात रॉबेन बेटाच्या तुरुंगात नेल्सन मंडेलांनी क्रेऑनची भूमिका केली, तेव्हा त्यांनाही हेच भाषण विचार करण्यासारखं वाटलं. क्रेऑनला पहिल्या प्रवेशापासून दात-ओठ खायला लावणाऱ्या दिग्दर्शकाला हे नाटक कळलेलं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

मग क्रेऑन हद्द ओलांडतो कुठे? एक तर, अथेन्सचा कायदा फितुराला आपल्या भूमीत पुरू देत नव्हता, पण सीमेपलीकडे नेऊन कोणी पुरलं तर त्याची आडकाठी नव्हती. क्रेऑन प्रेत पुरूच देत नाही. ते तिथेच पडून सडलं पाहिजे, कुत्र्यांनी ओढलं पाहिजे, आणि लोकांनी ते बघितलं पाहिजे. दुसरं त्याहून मोठं. हुकूम ऐकल्यावर थीब्जचे वृद्ध, म्हणजे कोरस, एक वाक्य म्हणतात. वाचताना ते सहज निसटतं. त्यांचं म्हणणं असं: मेलेल्यांच्या बाबतीत आणि आम्हा जिवंतांच्या बाबतीत, कुठलाही नियम लावायचा अधिकार तुझ्याकडे आहे. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा वाचायला लावतो. क्रेऑनने मेलेल्यांवरचा अधिकार मागितलेला नव्हता, तो गृहीत धरला होता. म्हाताऱ्यांनी तो घाबरून, न मागता त्याच्या हातात दिला. पुढची सगळी हानी या एका वाक्याच्या वाटेने येते.

क्रेऑन नास्तिक आहे, हा गैरसमजही काढून टाका. तो बोलायला सुरुवातच देवांचं नाव घेऊन करतो. देवांनी आपलं नगर वादळातून सावरलं, सर्वसाक्षी झ्यूस, म्हणजे देवांचा राजा, जाणतो, ही त्याची भाषा. प्रेतावर कोणीतरी माती टाकल्याची खबर येते आणि कोरस दबकत विचारतो की हे देवांनीच तर केलं नसेल? त्यावर क्रेऑन भडकतो: देवळं जाळायला आलेल्या माणसाची काळजी देव करतील? दुष्टांचा सन्मान करणारे देव पाहिलेत कधी? हा प्रश्न खोटा नाही. नगराचे देव नगर वाचवणाऱ्याच्या बाजूचे असतात, ही त्या काळच्या सामान्य नागरिकाचीच समजूत होती. फक्त क्रेऑनच्या देवांमध्ये पाताळातले देव कुठे नाहीत. पाताळाचा देव हेडीस याचं नाव तो घेतो ते टोमणा मारायला किंवा धमकी द्यायला.

अँटिगनी मात्र पाताळाकडे तोंड करून उभी आहे. पकडून आणल्यावर क्रेऑन विचारतो, हुकूम माहीत होता ना? माहीत होता, सगळ्यांनाच माहीत होता, असं ती सांगते. आणि मग ते जगप्रसिद्ध उत्तर. त्याचा आशय असा: ही दवंडी झ्यूसने पिटलेली नव्हती, पाताळातल्या देवांबरोबर राहणाऱ्या न्यायदेवतेनेही नाही. तुझ्या दवंडीत एवढं बळ आहे असं मला वाटलं नाही की एका मर्त्य माणसाने देवांचे न लिहिलेले, न ढळणारे नियम ओलांडून जावं. ते आजचे-कालचे नाहीत, ते सदा जिवंत आहेत आणि ते कधी आले हे कोणालाच ठाऊक नाही. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथात याच ओळी निसर्गतः न्याय्य असलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून दिल्या आणि तेव्हापासून हे भाषण वकिलांचंही झालं.

पण भाषणाच्या आधी एक निवेदन आहे, आणि माझ्या दृष्टीने दैवी कायदा म्हणजे काय हे त्या निवेदनात जास्त स्पष्ट दिसतं. पहारेकरी सांगतो की आम्ही प्रेतावरची माती झाडून काढली, ओलसर झालेलं ते शरीर उघडं केलं आणि वास येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून टेकाडावर बसलो. सूर्य माथ्यावर आला. मग एकदम धुळीची वावटळ उठली, सगळं माळरान आणि आकाश भरून गेलं, आम्ही डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने ती विरली तेव्हा ही मुलगी समोर दिसली. घरटं रिकामं झालेलं पाहून पक्षीण किंचाळावी तशी, उघडं पडलेलं प्रेत बघून ती ओरडली. ज्यांनी हे केलं त्यांना शिव्याशाप दिले. मग हातांनीच कोरडी माती आणली आणि काशाची झारी उंच धरून तीन वेळा तर्पण केलं.

एवढाच विधी. खड्डा नाही, चिता नाही, मूठभर माती आणि तीन धारा. प्रेत नीट पुरलं जात नाही, पण तेवढ्याने मेलेल्याला त्याचं देणं मिळतं. ग्रीक घरात प्रेताला स्नान घालणं, त्याला मांडून ठेवणं, त्याच्यावर विलाप करणं हे प्रामुख्याने बायकांचं काम होतं. अथेन्समध्ये जुना कायदेकर्ता सोलोन याच्या नावावर असलेल्या कायद्यांनी या विलापाला बांध घातला होता, आणि सॉफोक्लीसच्या काळात युद्धात पडलेल्यांचा अंत्यविधी नगर स्वतः करत असे, पुरुष वक्त्याच्या भाषणासकट. म्हणजे घरातल्या बाईकडून मेलेल्यावरचा हक्क नगराने हळूहळू आपल्याकडे ओढलेलाच होता. ही ओढाताण प्रेक्षकांच्या घरातली होती. त्यामुळे अँटिगनीची कृती त्यांना एकाच वेळी अगदी ओळखीची आणि धडकी भरवणारी वाटली असणार. जे काम बाईनेच करायचं ते काम ती करते आहे, पण वेशीबाहेर, एकटी, राज्यकर्त्याच्या नाकावर टिच्चून.

या टप्प्यावर बहुतेक शिक्षक जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला आणतात. हेगेलचं म्हणणं असं की इथे न्याय विरुद्ध अन्याय असा सामना नाही, दोन न्याय्य पण एकांगी तत्त्वांची टक्कर आहे: एकीकडे कुटुंब आणि पाताळातले देव, दुसरीकडे राज्य. दोघंही आपापल्या बाजूने बरोबर, दोघंही दुसऱ्याची बाजू नाकारतात म्हणून दोघांचा नाश. हेगेलला हे नाटक अतिशय प्रिय होतं आणि त्याच्या मांडणीमुळे निदान क्रेऑनला बाहुला करणं थांबलं, याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. पण ही मांडणी मला पटत नाही, कारण नाटकाचा उत्तरार्ध ती खोडून काढतो.

आधी हायमन येतो. क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा नियोजित वर. तो प्रेमाबद्दल बोलतच नाही, नगराबद्दल बोलतो. काळोखात लोक काय कुजबुजतात ते मी ऐकतो, म्हणतो. या मुलीसाठी सारं नगर शोक करतंय, हिला तर सोन्याचा मान मिळायला हवा असं लोक म्हणतात. पुरात वाकणारं झाड टिकतं, ताठ राहणारं मुळासकट जातं. क्रेऑन मात्र एव्हाना कुठे पोचला आहे? नगराने ज्याला नेमलं त्याची आज्ञा पाळायची, लहान गोष्टीत, न्याय्य गोष्टीत आणि त्याच्या उलटही. म्हणजे अन्याय्य असली तरीही. मग बापलेकांची एकेका ओळीची चकमक होते. क्रेऑन: मी कसं राज्य करावं हे नगर मला सांगणार? हायमन: एका माणसाचं असतं ते नगरच नव्हे. क्रेऑन: नगर राज्यकर्त्याचंच मानतात ना? हायमन: ओसाड जागेवर तू एकटा छान राज्य करशील.

ही चकमक संपते तेव्हा मानवी कायद्याचा पक्षही क्रेऑनच्या हातून सुटलेला असतो. जहाज सगळ्यांचं आहे म्हणणारा माणूस जहाज माझं आहे म्हणू लागला. लोकशाही अथेन्समधल्या प्रेक्षकाला ही भाषा कुठली हे समजावून सांगायची गरज नव्हती. एका माणसाने एका सकाळी काढलेला हुकूम आणि नगराचा कायदा यांत फरक असतो, हे हायमन देवांचा आधार न घेता दाखवतो. देवांची आठवण तो अगदी शेवटी काढतो.

त्यानंतर येतो आंधळा द्रष्टा टायरेसियस, आणि तो निवाडाच घेऊन येतो. पक्षी एकमेकांना नख्यांनी फाडताहेत. यज्ञकुंडात आग धरत नाही, मांड्यांची चरबी नुसती वितळून राखेवर गळते. का? तर कुत्र्या-पक्ष्यांनी ईडिपसच्या मुलाचं मांस आणून प्रत्येक वेदी भरून टाकली आहे. नगराला हा रोग तुझ्या बुद्धीमुळे जडला. मेलेल्याला पुन्हा मारण्यात कसला पराक्रम? क्रेऑनचं उत्तर भयानक आहे: झ्यूसच्या गरुडांनी ते मांस त्याच्या सिंहासनापर्यंत नेलं तरी त्या विटाळाला भिऊन मी त्याला पुरू देणार नाही. तेव्हा टायरेसियस जे सांगतो त्यात साऱ्या नाटकाचा ताळेबंद आहे. वरच्या जगातल्या एका जिवाला तू जिवंत थडग्यात कोंडलंस, आणि खालच्या देवांचं जे आहे ते प्रेत तू इथे वर अडवून ठेवलंस. त्याच्यावर ना तुझा हक्क आहे, ना वरच्या देवांचा.

शेवटचं वाक्य नीट वाचा. वरच्या देवांचासुद्धा नाही. मेलेला माणूस कोणाचा, याची हद्द आखलेली आहे आणि ऑलिंपसच्या देवांनाही ती ओलांडता येत नाही, तर थीब्जच्या राज्यकर्त्याची काय कथा. दैवी कायदा हा इथे श्रद्धेचा किंवा मनाच्या आतल्या आवाजाचा मामला नाही. तो हद्दीचा कायदा आहे. अँटिगनीला आधुनिक अर्थाने सदसद्विवेकाची प्रतिनिधी करताना आपण हे हमखास विसरतो. तिचं मन काय म्हणतं यापेक्षा प्रेत कोणाचं आहे, यावर ती जिंकते.

पण ती जिंकल्याचं तिला कोणी सांगत नाही. टायरेसियस येतो तो तिला गुहेकडे नेल्यानंतर. आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. जाताना ती म्हणते: मी देवांचा कुठला न्याय मोडला? मी अभागिनीने आता देवांकडे बघायचं तरी कशाला, कोणाला हाक मारायची? भक्ती केली आणि पदरात अधर्माचा शिक्का पडला. हेच देवांना मान्य असेल तर मरताना माझी चूक मला कळेल. आणि चूक मला शिक्षा देणाऱ्यांची असेल तर यांनी मला जे दिलं त्याहून अधिक यांच्या वाट्याला न येवो. भाषण ठोकणारी ती निर्भय मुलगी इथे नाही. देवांचे नियम सदा जिवंत आहेत असं ठणकावणारी अँटिगनी आणि देव गप्प का आहेत असं विचारणारी अँटिगनी, दोघी एकाच नाटकात आहेत. नटीला दुसरी जमली नाही तर पहिली फुकट जाते.

त्याच्या जरा आधीचा एक उतारा अनेकांना खुपतो. ती म्हणते, नवरा मेला असता किंवा मूल मेलं असतं तर मी नगराविरुद्ध जाऊन हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळाला असता, मूलही झालं असतं, पण आईबाप पाताळात गेल्यावर भाऊ पुन्हा कुठून यावा? जर्मन कवी गटेला हा उतारा इतका नकोसा वाटे की कोणा विद्वानाने तो प्रक्षिप्त ठरवावा अशी इच्छा त्याने 1827 मध्ये बोलून दाखवली. हीच कल्पना ग्रीक इतिहासकार हिरॉडॉटसने एका पर्शियन बाईच्या गोष्टीत सांगितली आहे. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या प्रतीत हा उतारा होता, तो त्याचा उल्लेख करतो. तालमीत तो गाळावा असं नट अनेकदा सुचवतात. मी तो ठेवतो. मृत्यूच्या दारात उभं राहिल्यावर सार्वकालिक नियमांची भाषा तिच्या हातून गळून पडते आणि राहतो फक्त हा एक भाऊ. दैवी कायद्याची कड घेणारी व्यक्ती आकाशवाणी करत नसते, तिचं स्वतःचं घर जळालेलं असतं. सॉफोक्लीसने ते लपवलं नाही याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

आता क्रेऑनच्या दोन बारीक कृती बघा. दवंडीत शिक्षा होती दगडांनी ठेचण्याची, म्हणजे नगरातल्या लोकांनी मिळून द्यायची. ऐन वेळी तो ती बदलतो. निर्जन जागी खडकातल्या गुहेत तिला जिवंत कोंडायचं, आणि सोबत विटाळ टळण्यापुरतं अन्न ठेवायचं. कारण मग मारलं असं होत नाही. लोक दगड उचलतील याची आता खात्री नाही, हे एक. आणि देवांच्या नियमाला पळवाट काढता येते हा विश्वास, हे दुसरं. मुलीच्या बाबतीत आमचे हात स्वच्छ आहेत, असं तो मोठ्याने म्हणतोही. दैवी कायदा त्याला ठाऊक आहे, पण तो त्याच्याकडे कलमासारखा बघतो.

दुसरी कृती शेवटाकडची. टायरेसियस गेल्यावर क्रेऑन मोडतो आणि काय करू विचारतो. कोरस स्वच्छ सांगतो: जा, मुलीला गुहेतून सोडव आणि उघड्यावर पडलेल्यासाठी थडगं उभार. आधी मुलगी, मग प्रेत. क्रेऑन निघतो आणि क्रम उलटा करतो. दूत सांगतो, ते आधी माळावर गेले, पाताळातल्या देवांची प्रार्थना केली, कुत्र्यांनी फाडलेल्या त्या देहाचं जे काही उरलं होतं त्याला स्नान घातलं, ताज्या फांद्यांवर दहन केलं, मायभूमीच्या मातीचा उंच ढिगारा रचला. सगळं यथासांग. मग गुहेकडे गेले. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला होता, हायमन तिच्या कमरेला मिठी मारून बसला होता. तो बापाच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार चुकतो आणि तीच तलवार स्वतःच्या कुशीत खुपसतो. घरी बातमी पोचल्यावर क्रेऑनची बायको युरिडिसी जीव देते. पश्चात्तापातही क्रेऑनने आधी देवांचा हिशेब चुकता केला आणि जिवंत पोरीला थांबवून ठेवलं. जिवंतांना आणि मेलेल्यांना कुठे ठेवायचं ही त्याची पहिली चूक होती, आणि चूक सुधारतानाही तो तीच करतो.

इतर नाटकांबद्दल थोडंसं, कारण ‘अँटिगनी’ एकटं वाचलं की हा संघर्ष नेहमी असाच संपतो असं वाटतं. सॉफोक्लीसच्याच ‘एजॅक्स’मध्ये हाच पेच आहे. ट्रॉयच्या युद्धातल्या एजॅक्स या ग्रीक वीराने आपल्याच सेनापतींना मारायचा प्रयत्न केला, मग आत्महत्या केली. ग्रीक सेनेचे प्रमुख मेनेलेअस आणि अ‍ॅगमेम्नॉन त्याला पुरू देत नाहीत. तिथे मध्ये पडतो ओडिसियस, म्हणजे मेलेल्याचा कट्टर वैरी. तो म्हणतो, याला पुरलं नाहीस तर तू त्याला नव्हे, देवांच्या नियमांना मोडशील. आणि मलाही एक दिवस इथेच यायचं आहे. रावणाच्या प्रेतापाशी विभीषणाला ‘मरणान्तानि वैराणि’ म्हणणारा राम आपल्या कानात बसलेला असतो, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रसंग लगेच भिडतो. अ‍ॅगमेम्नॉन कुरकुरत का होईना, बाजूला होतो. क्रेऑनला असा सल्ला देणारे हायमन आणि टायरेसियस दोघे भेटले होते, एवढं लक्षात ठेवा.

नाटककार ईस्किलसच्या ‘ओरेस्टिया’त, इ.स.पू. 458 मध्ये, तर दैवी कायदे आपसातच भांडतात. अपोलो देव ओरेस्टीसला आईला मारायची आज्ञा देतो आणि सूडदेवता आईच्या रक्ताबद्दल मुलाच्या मागे लागतात. तिढा सोडवायला अथीना देवी माणसांचं न्यायालय बसवते. मतं समसमान पडतात, ओरेस्टीस सुटतो, आणि तरीही अथीना सूडदेवतांची समजूत काढून त्यांना नगराखाली कायमचं स्थान देते. तिथे मानवी कायदा म्हणजे देवांनी माणसाच्या हाती सोपवलेली गोष्ट आहे. नाटककार युरिपिडीसच्या ‘बॅकी’बद्दल एवढंच की देवाला नाकारणारा राजा तिथे चूक ठरतो, पण देवाचा सूड बघून प्रेक्षकाला देवाचीही भीती वाटते.

आणि हे केवळ रंगमंचावरचं नव्हतं. इ.स.पू. 424 मध्ये डेलियमच्या लढाईत अथेन्सचे हजाराला थोडे कमी सैनिक पडले आणि बिओशियावाल्यांनी, म्हणजे थीब्ज ज्यांच्यात प्रमुख होतं त्यांनी, प्रेतं द्यायला नकार दिला. तुम्ही अपोलोचं देऊळ बळकावलंय, ते आधी सोडा, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू देवांचा कायदाच पुढे करत होत्या. प्रेतं मिळाली ती सतराव्या दिवशी. त्याच सुमाराच्या युरिपिडीसच्या ‘याचक स्त्रिया’ या नाटकात अथेन्सचा राजा थीसियस थीब्जवर चाल करून पॉलिनायकीसबरोबर लढलेल्यांची प्रेतं सोडवतो आणि त्यांना स्वतःच्या हातांनी स्नान घालतो. साऱ्या ग्रीकांचा कायदा राखण्यासाठी. इ.स.पू. 406 मध्ये आर्जिन्यूसीची आरमारी लढाई जिंकूनही वादळात बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांना उचललं नाही म्हणून अथेन्सने आठ सेनापतींना एकगठ्ठा दोषी ठरवलं आणि हाती लागलेल्या सहांना ठार केलं. अशी एकत्र सुनावणी कायद्याला धरून नाही म्हणून एकटा सॉक्रेटिस अडून बसला होता. फितुरांना अ‍ॅटिकात न पुरण्याचा जो कायदा मी वर सांगितला, तो याच सुनावणीतल्या एका भाषणात इतिहासकार झेनोफनने दिलेला आहे.

एक शेवटची गोष्ट, कारण अँटिगनीचं भाषण वाचून ‘न लिहिलेला कायदा केव्हाही श्रेष्ठ’ असा निष्कर्ष विद्यार्थी हमखास काढतात. इ.स.पू. 403 मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट उलथून लोकशाही परत आली, तेव्हा अथेन्सने नियम केला की कोणत्याही अधिकाऱ्याने एकाही बाबतीत न लिहिलेला कायदा वापरायचा नाही. ज्या नगराच्या रंगमंचावर अँटिगनी ते भाषण बोलली त्याच नगराचा हा निर्णय, आणि मला दोन्हींत विसंगती दिसत नाही. अँटिगनीकडे अधिकार नव्हता, पहारेकरी नव्हते, ती स्वतःच्या जिवावर बोलत होती. तीच भाषा अधिकाऱ्याच्या तोंडी आली की समोरच्याच्या जिवावर बोलली जाते. नाटकात देवांची साक्ष काढून दुसऱ्याला मरणाची शिक्षा देणारा माणूस क्रेऑन आहे. उत्तरपत्रिकेत दोन कायद्यांची दोन खाती पाडण्याआधी पहिल्या प्रवेशातली क्रेऑनची प्रार्थनेची भाषा आणि गुहेकडे जाताना अँटिगनीने देवांना विचारलेले प्रश्न शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि मग ‘एजॅक्स’चा शेवट वाचा.